आधी ऐका, मग उघडा

शाळेचं स्नेहसंमेलन सुरू व्हायला दहा मिनिटं उरलेली असतात आणि स्पीकरमधून 'घूंऽऽ' असा आवाज यायला लागतो. कुणी खोक्यावर थाप मारतं, कुणी वायर हलवतं, कुणी सगळी बटणं पिळून बघतं. कधी आवाज थांबतो, कधी थांबत नाही. थांबला तरी का थांबला हे कुणालाच कळत नाही. त्यामुळे पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

बिघाड शोधणं हे मेकॅनिकच्या हाताचं कसब आहे असं म्हणून आपण मोकळे होतो. पण पाठ्यपुस्तकात आपण ज्याला निरीक्षण, अंदाज आणि पडताळणी म्हणतो, ते सगळं या कामात तासाभरात घडतं. शिवाय इथे चूक झाली, तर दोन गुण जाऊन भागत नाही. मला हे नीट समजलं ते गिटारच्या एका लहानशा ॲम्प्लिफायरमुळे.

पीएच.डी. झाल्यावर मी काही काळ अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत काम करत होतो. तिथला एक सहकारी एके दिवशी एक लाकडी खोकं घेऊन आला. त्याच्या वडिलांनी हौसेनं घरी जोडलेला तो व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर होता. सुरू केला की गिटारच्या आवाजापेक्षा त्याची गुणगुणच मोठी. "आपण तिघं-चौघं भौतिकशास्त्रातले डॉक्टर आहोत, एवढं तर जमेलच," असं तो म्हणाला. जमलं, पण डॉक्टरकीच्या जोरावर नव्हे.

तीन व्हॉल्व्हचं खोकं

माझ्या आजोबांकडे व्हॉल्व्हचा रेडिओ होता. बटण फिरवल्यावर आत तांबूस उजेड दिसे आणि अर्ध्या मिनिटानं आवाज येई. असे व्हॉल्व्ह एके काळी आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्येही बनत. पुढे ट्रान्झिस्टर आले आणि रेडिओतून व्हॉल्व्ह हद्दपार झाले. गिटारच्या ॲम्प्लिफायरमध्ये मात्र ते टिकून आहेत. व्हॉल्व्हला त्याच्या कुवतीपेक्षा जास्त जोराचा संदेश दिला, तर ध्वनिलहरीचे माथे एकदम छाटले जात नाहीत, हळूहळू गोलसर दबले जातात. त्यातून मूळ सुरात नव्या स्वरांची भर पडते, आणि हा भरदार आवाजच अनेक वादकांना हवा असतो. म्हणून स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये आजही व्हॉल्व्ह बनतात.

व्हॉल्व्हचं काम समजायला सोपं आहे. काचेच्या निर्वात नळीत एक ऋणाग्र असतं. ते तापवलं की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. समोरच्या धनाग्राला तीनशे-साडेतीनशे व्होल्टचा दाब दिलेला असतो, त्यामुळे इलेक्ट्रॉन तिकडे धावतात. दोघांच्या मध्ये तारेची जाळी असते. जाळीवरचा ऋण दाब थोडा कमी-जास्त केला, की इलेक्ट्रॉनचा प्रवाह बराच कमी-जास्त होतो. धरणाचा दरवाजा उघडझाप करायला लागणारी शक्ती आणि त्यातून वाहणाऱ्या पाण्याची शक्ती यांत जसा फरक असतो, तसंच हे.

गिटारचे ॲम्प्लिफायर आणि रेडिओ यांचं नातं जवळचं आहे. लिओ फेंडर या माणसानं १९३८ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी रेडिओदुरुस्तीचं दुकान काढलं, आणि त्यातूनच पुढे त्याचा गिटार आणि ॲम्प्लिफायरचा कारखाना उभा राहिला. १९६२ मध्ये लंडनच्या जिम मार्शल यांनी पहिले ॲम्प्लिफायर बनवले, तेही फेंडरच्या 'बासमन' या मंडलावरून. फेंडरचं सर्वांत लहान भावंड म्हणजे 'चॅम्प'. १९५० च्या दशकातलं त्याचं मंडल इतकं साधं आहे, की हौशी लोक ते आजही घरी जोडतात. सहकाऱ्याच्या वडिलांनी जोडलेलं मंडल हेच होतं.

यात व्हॉल्व्ह फक्त तीन. पहिला १२एएक्स७, युरोपात याला ईसीसी८३ म्हणतात. याच्या एकाच काचेत दोन स्वतंत्र व्हॉल्व्ह बसवलेले असतात. गिटारकडून येणारा दशांश व्होल्टच्या आसपासचा संदेश हे दोघं मिळून वाढवतात. आवाज कमी-जास्त करायचं बटण या दोघांच्या मध्ये आहे. ही जागा लक्षात ठेवा. दुसरा ६व्ही६ हा ताकदीचा व्हॉल्व्ह. तो एका ट्रान्सफॉर्मरमधून स्पीकर हलवतो. तिसरा ५वाय३. हा आवाजाला हात लावत नाही, प्रत्यावर्ती वीज एकदिश करतो. त्याच्यामागे १६, ८ आणि ८ मायक्रोफॅरडची तीन धारित्रं आहेत. मेकॅनिक त्यांना कंडेन्सर म्हणतात, आपणही तेच म्हणू. एकदिश झालेल्या विजेतला उरलासुरला चढउतार सपाट करणं हे त्यांचं काम.

गुणगुण कोणत्या सुरात आहे?

खोकं उघडायच्या आधी आम्ही नुसतं ऐकलं. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची. पण ५वाय३ लहरीचे दोन्ही अर्धे भाग वापरतो, म्हणून त्याच्यानंतरच्या दाबातला चढउतार दुप्पट वारंवारितेचा असतो: तिकडे १२०, आपल्याकडे १०० हर्ट्झ. म्हणजे गुणगुण ६० ची असेल तर ती गिटारच्या वायरीतून, व्हॉल्व्ह तापवणाऱ्या ६.३ व्होल्टच्या तारांमधून किंवा जवळच्या ट्रान्सफॉर्मरमधून आली असेल. १२० ची असेल तर संशय वीजपुरवठ्याच्या कंडेन्सरांवर जातो.

वारंवारिता मोजायला यंत्र कशाला? गिटार हाताशी होतीच. तिची जाडीकडून दुसरी तार मोकळी वाजवली तर ११० हर्ट्झचा सूर देते. त्या तारेवर पहिल्या पट्टीत बोट ठेवलं की ११६.५ आणि दुसऱ्या पट्टीत १२३.५. गुणगुण पहिल्या पट्टीपेक्षा चढी आणि दुसरीपेक्षा उतरी होती. म्हणजे साधारण १२०. आपल्याकडे हीच परीक्षा सगळ्यांत जाड तारेवर करता येईल. तिच्या तिसऱ्या पट्टीतला सूर ९८ हर्ट्झचा असतो, १०० च्या अगदी जवळचा. एक सावधगिरी मात्र हवी. ५० आणि १०० हे एकाच सुराचे दोन सप्तकांतले अवतार आहेत, त्यामुळे कान फसू शकतो. खात्री करायची तर मोबाइलवर वारंवारिता दाखवणारं एखादं ॲप लावावं.

निम्मं वगळत जा

दहा-पंधरा भागांपैकी एक बिघडला असेल तर तो कसा शोधायचा? एकेक भाग बदलत जाणं हा एक मार्ग. त्यात वेळ आणि पैसा जातो, शिवाय आपल्याच हातानं नवे बिघाड होण्याची भीती असते. दुसरा मार्ग असा, की प्रत्येक वेळी असा प्रश्न विचारायचा ज्याचं उत्तर काहीही आलं तरी निम्मे संशयित सुटतील. सोळा संशयित असतील, तर आठ, चार, दोन, एक अशा चार प्रश्नांत काम होतं.

पहिला प्रश्न: आवाजाचं बटण शून्यावर आणलं तर गुणगुण जाते का? नाही गेली. म्हणजे बटणाच्या अलीकडचं सगळं निर्दोष: गिटार, तिची वायर, पहिला अर्धा व्हॉल्व्ह.

दुसरा प्रश्न: १२एएक्स७ काढूनच टाकला तर? ॲम्प्लिफायर बंद केला, व्हॉल्व्ह निवू दिला, काढला आणि पुन्हा सुरू केला. गुणगुण तशीच. दुसरा अर्धा व्हॉल्व्हही सुटला.

तिसरा प्रश्न: ६व्ही६ काढला तर? आता संपूर्ण शांतता. या शांततेतूनही माहिती मिळते. वीजपुरवठ्याच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र स्पीकरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरून गुणगुण होत असती, तर व्हॉल्व्ह काढूनही ती ऐकू आली असती. तेव्हा तेही कारण बाद. माहीतगार दुकानातून आणलेला नवा ६व्ही६ घालून पाहिला, गुणगुण परत आली. म्हणजे व्हॉल्व्हही निर्दोष. उरले ते कंडेन्सर, आणि सुरानंही तिकडेच बोट दाखवलं होतं.

बंद म्हणजे शून्य नव्हे

आता खोक्यातून धातूचा सांगाडा बाहेर काढायचा होता. दोन्ही व्हॉल्व्ह पुन्हा उपसले, 'सगळं ठीक आहे ना' म्हणून काही सेकंद वीज देऊन पाहिली, बंद केलं, प्लग काढला आणि आम्ही कॉफी प्यायला गेलो. वीस मिनिटांनी परत आलो. मी सांगाडा उलटा केला आणि कंडेन्सरचं टोक बोटानं हलवून पाहणार, एवढ्यात प्रयोगशाळेच्या कार्यशाळेतले वयस्कर तंत्रज्ञ तिथून चालले होते ते थांबले. हात मागे घ्यायला सांगून त्यांनी मीटरच्या दोन चिमट्या लावल्या. आकडा होता ३१० व्होल्ट.

प्लग भिंतीपासून चार फूट लांब जमिनीवर पडला होता.

नेमकं काय झालं होतं? एरवी ॲम्प्लिफायर बंद केल्यावर तापलेला ६व्ही६ काही सेकंद प्रवाह वाहून नेतो आणि कंडेन्सर बऱ्याच अंशी रिकामे होतात. आम्ही व्हॉल्व्हच काढून ठेवल्यामुळे त्या भाराला जायला वाटच उरली नव्हती. या साध्या मंडलात त्यासाठी वेगळा रोधही बसवलेला नसतो. आमची आणखी एक चूक म्हणजे, व्हॉल्व्ह नसताना हा दाब ४५० व्होल्टच्याही वर चढू शकतो आणि अशा कंडेन्सरांची सहनशक्ती साधारण तेवढीच असते. तेव्हा बिनव्हॉल्व्हची परीक्षा घ्यायचीच तर ती क्षणभराची असावी.

हिशोब करून पाहू. तिन्ही मिळून ३२ मायक्रोफॅरड, दाब ३१० व्होल्ट. ऊर्जा म्हणजे धारितेची निमपट गुणिले दाबाचा वर्ग, म्हणजे सुमारे दीड ज्यूल. दीडशे ग्रॅमचा पेरू एक मीटर उंचीवरून पडला तर जेवढी ऊर्जा मिळेल तेवढीच. यानं काय होणार, असं वाटेल. पण पेरूची ऊर्जा पाठीवर पडते, ही ऊर्जा एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हातात जाऊ शकते, तेही सेकंदाच्या लहानशा अंशात. मोठ्या ॲम्प्लिफायरमध्ये तर साठा दहा ज्यूलच्या पुढे जातो. आणि वीज चालू असताना साठ्याचा प्रश्नच नसतो, कारण मागून पुरवठा होतच राहतो.

तंत्रज्ञांनी मग रीत दाखवली. दहा किलोओहमचा, पाच वॅटचा, तारेचा रोध. त्याला वेष्टण असलेल्या वायरी आणि चिमट्या. एक चिमटी सांगाड्याला, दुसरी कंडेन्सरच्या धन टोकाला. एक हात खिशात. १०,००० ओहम आणि ३२ मायक्रोफॅरड यांचा गुणाकार ०.३२ सेकंद येतो, म्हणजे दोन-तीन सेकंदांत साठा जवळजवळ संपायला हवा. पण 'संपायला हवा' यावर थांबायचं नाही, पुन्हा मीटर लावायचा. पाच मिनिटांनी परत लावायचा, कारण कंडेन्सरच्या आतल्या थरांत मुरलेला भार हळूहळू वर येतो आणि दाब पुन्हा थोडा चढतो. शून्य हे गृहीत धरायचं नसतं, मोजायचं असतं, असं ते म्हणाले. मी त्याआधी निदान दहा वर्षं मीटर वापरत होतो.

इथेच स्पष्ट लिहितो. ऐकून करायच्या परीक्षा, म्हणजे बटण फिरवणं, वायर बदलणं, सूर ओळखणं, कुणीही कराव्यात. सांगाडा उघडणं मात्र अनुभवी माणसाचंच काम. विद्यार्थ्यांनी ते करू नये, आणि शिक्षकांनीही एकट्यानं करू नये.

माझा अंदाज चुकला

कंडेन्सर तीन. बिघडलेला कोणता? मी पहिल्यावर बोट ठेवलं. कारण हिशोब सांगत होता की सर्वांत मोठा चढउतार तिथेच असणार. ढोबळ सूत्र असं: प्रवाहाला वारंवारिता आणि धारितेच्या गुणाकारानं भागायचं. ४५ मिलिअँपिअर, १२० हर्ट्झ, १६ मायक्रोफॅरड. उत्तर सुमारे २३ व्होल्ट. हा कंडेन्सर सुकला असेल तर चढउतार कितीतरी वाढणार.

पडताळणीसाठी पहिल्या कंडेन्सरला समांतर एक नवा कंडेन्सर तात्पुरता जोडला, धन-ऋण टोकं बघून. वीज दिली. गुणगुण किंचित कमी झाली, पण गेली नाही. वीज बंद, साठा रिकामा, मीटर शून्य. आता तोच नवा कंडेन्सर दुसऱ्याला समांतर. वीज दिली. शांतता.

मी कुठे चुकलो? पहिल्या आणि दुसऱ्या कंडेन्सरच्या मध्ये १० किलोओहमचा रोध आहे. ८ मायक्रोफॅरडचा चांगला कंडेन्सर १२० हर्ट्झला फक्त १६६ ओहमचा अडथळा करतो. दहा हजार आणि १६६ यांच्या वाटणीत २३ व्होल्टचा चढउतार साठाव्या हिश्श्यावर, म्हणजे ०.४ व्होल्टवर येतो. हा स्वच्छ दाब ६व्ही६ च्या दुसऱ्या जाळीला मिळतो. तिला स्क्रीन म्हणतात. या जातीच्या व्हॉल्व्हमध्ये धनाग्राचा दाब थोडा हलला तरी प्रवाह फारसा बदलत नाही, पण स्क्रीनचा दाब हलला की लगेच बदलतो. म्हणून धनाग्रावरचे २३ व्होल्ट फारसे ऐकू येत नाहीत, आणि तेच व्होल्ट स्क्रीनवर पोचले तर स्पीकर घुमायला लागतो. दुसरा कंडेन्सर सुकल्यामुळे ते तिथे पोचत होते. मी मोठ्या आकड्याकडे पाहिलं, तो आकडा कुणाला ऐकवला जातो आहे ते पाहिलं नाही.

हे कंडेन्सर सुकतात का? त्यांच्या आत ॲल्युमिनियमची पातळ पत्री असते. तिच्यावरचा ऑक्साइडचा थर विद्युतरोधक म्हणून काम करतो आणि ओलसर विद्युतअपघटनी द्रावण त्याला साथ देतं. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं हा ओलावा उडतो आणि धारिता घटते. आम्ही तिन्ही एकाच वेळी बदलले. एक गेला तर त्याच वयाचे दोघं फार मागे नसतात.

ओहमचा नियम आणि लाल झालेलं धनाग्र

गुणगुण हा एक बिघाड झाला. याहून तातडीचा बिघाड डोळ्यांना दिसतो: ६व्ही६ च्या आतला धातूचा पत्रा, म्हणजे धनाग्र, लालभडक होतं. असं दिसलं की लगेच वीज बंद करावी. काचेच्या आतल्या बाजूवर दिसणारी निळसर चमक मात्र बहुधा निरुपद्रवी असते. इलेक्ट्रॉन काचेवर आदळल्यानं ती दिसते.

धनाग्र लाल का होतं? प्रवाह वाजवीपेक्षा जास्त झाला म्हणून. तो मोजायला मंडल तोडायची गरज नाही. ६व्ही६ च्या ऋणाग्रापाशी ४७० ओहमचा रोध आहे. त्याच्या दोन टोकांत साधारण २० व्होल्ट असतात. २० भागिले ४७०, म्हणजे सुमारे ४३ मिलिअँपिअर. धनाग्र आणि ऋणाग्र यांच्यात ३२० व्होल्ट धरले तर गुणाकार साडेतेरा वॅटच्या आसपास येतो. यातला थोडा वाटा स्क्रीनचा. या व्हॉल्व्हची जुन्या पद्धतीनं दिलेली मर्यादा १२ वॅटची आहे. म्हणजे हा छोटा ॲम्प्लिफायर मुळातच काठावर चालतो. रोधावर २० ऐवजी ३० व्होल्ट दिसले, तर प्रवाह ६४ मिलिअँपिअर झाला आणि व्हॉल्व्ह भाजून निघतो आहे हे कळतं.

याचं एक नेहमीचं कारण म्हणजे आधीच्या टप्प्याकडून आवाज आणणारा लहान कंडेन्सर गळू लागतो. त्यानं फक्त आवाज पुढे द्यायचा, स्थिर दाब अडवायचा. तो गळाला की जाळीवर थोडा धन दाब येतो आणि दरवाजा गरजेपेक्षा जास्त उघडा राहतो. जाळीवर स्थिर दाब शून्य हवा. मीटरनं तो काही व्होल्ट दाखवला, तर चोर सापडला. अशी मोजणी करताना वीज बंद असतानाच दोन्ही चिमट्या लावायच्या, मग वीज देऊन लांबून आकडा वाचायचा.

बाकीची लक्षणं थोडक्यात. बटण फिरवताना खरखर होत असेल तर बटणाच्या आतली पट्टी मळली आहे. व्हॉल्व्हवर लाकडी काडीनं हलकेच टिचकी मारल्यावर स्पीकरमधून घंटेसारखा आवाज आला, तर त्या व्हॉल्व्हच्या आतली जाळी सैल झाली आहे. व्हॉल्व्हच्या डोक्यावरचा आरशासारखा चंदेरी डाग पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली आहे, आणि तो व्हॉल्व्ह संपला.

देखभाल म्हणजे काय?

पहिली गोष्ट अर्थिंग. १९५० च्या दशकातल्या अनेक अमेरिकी ॲम्प्लिफायरना दोनच पिनांचा प्लग असे. विजेची एक तार आणि सांगाडा यांच्यामध्ये ०.०५ मायक्रोफॅरडच्या आसपासचा एक कंडेन्सर असे. तो चांगला असतानाही ११७ व्होल्टवर दोनेक मिलिअँपिअर सोडतो, म्हणजे हाताला मुंग्या येतात. तो आतून जोडला गेला तर सांगाड्यावर आणि पर्यायानं गिटारच्या तारांवर थेट वीज येते. वादकाचे हात तारांवर आणि ओठ अर्थिंग असलेल्या मायक्रोफोनवर, अशी कल्पना करा. तिकडचे मेकॅनिक या भागाला 'मृत्यूचा कंडेन्सर' म्हणतात आणि सर्वांत आधी तो काढून तीन पिनांची वायर बसवतात. मंचावरच्या अर्थिंगमधला दोष काय करू शकतो याचं उदाहरण इतिहासात आहे. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सी इथे 'स्टोन द क्रोज' या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वी, अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून मंचावरच मरण पावला.

दुसरी गोष्ट, स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर कधीही वाजवू नये. ऊर्जा जायला वाट मिळाली नाही, तर ट्रान्सफॉर्मरमध्ये दाबाचे मोठे झटके उठतात आणि त्याचं वेष्टण जळतं. तिसरी, फ्यूज वारंवार उडत असेल तर जास्त अँपिअरचा बसवू नये. फ्यूज तक्रार सांगतो आहे, त्याचं तोंड बंद करून काय मिळणार?

चौथी गोष्ट खास आपल्याकडची. अमेरिकेतून आणलेलं ११७ व्होल्टचं यंत्र आपल्या २३० व्होल्टवर दाब उतरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरशिवाय लावू नये हे सर्वांना ठाऊक असतं. पण वारंवारिताही वेगळी आहे हे विसरलं जातं. फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातला चुंबकीय प्रवाह ५० हर्ट्झवर सुमारे वीस टक्क्यांनी वाढतो आणि तो जास्त तापतो. तासभर वाजवून त्याचं तापमान तपासावं.

आणि बरीच वर्षं पडून असलेलं यंत्र एकदम पूर्ण दाबावर लावू नये. आपल्या रेडिओ मेकॅनिकांचा जुना 'सिरीज लॅम्प' इथे उत्तम काम करतो. यंत्राच्या वाटेत साधा तारेचा ६० वॅटचा बल्ब एकसरीत जोडतात. एलईडीचा चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटूनच राहिला तर आत कुठेतरी थेट जोडणी झाली आहे.

वर्गात काय करता येईल?

व्हॉल्व्हचं यंत्र वर्गात आणायची गरज नाही. नऊ व्होल्टची बॅटरी, २५ व्होल्ट सहन करणारा २२०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, एक एलईडी आणि एक किलोओहमचा रोध पुरे. धन-ऋण टोकं जुळवून कंडेन्सर भारित करा, बॅटरी काढा आणि मग रोधासह एलईडी जोडा. बॅटरी नसताना काही सेकंद उजेड दिसेल. त्यानंतर कंडेन्सरची टोकं क्षणभर एकमेकांना जोडा, मीटर शून्य दाखवेल. दहा मिनिटांनी पुन्हा मोजायला सांगा. थोडासा दाब परत आलेला दिसेल. हे कुठून आलं, यावर मुलांना बोलू द्या.

दुसरा खेळ. वायरचे आठ तुकडे सांध्यांनी जोडून बॅटरी आणि छोट्या बल्बचं एक लांब मंडल करा. मुलांच्या नकळत एका सांध्यात कागदाचा कपटा घाला. सर्वांत कमी मोजण्यांत तुटलेला सांधा कोण शोधतं ते बघा. अट एकच: प्रत्येक मोजणीच्या आधी वहीत तीन रकान्यांत लिहायचं. मला काय वाटतं, मी काय करून बघणार, आणि काय दिसलं. अंदाज चुकला तरी खोडायचा नाही. माझ्या त्या दिवसाच्या वहीत 'पहिला कंडेन्सर' असं लिहिलेलं अजून तसंच आहे, आणि त्याच्या खाली त्या तंत्रज्ञांच्या सांगण्यावरून लिहिलेला आकडा: ३१०.

तुमच्या वर्गात किती मोजण्यांत सांधा सापडला ते जरूर कळवा.